सहा वॅट, पंधरा वॅट

‘लो पॉवर’ हे दोन शब्द मी शेठजींच्या टॉवेल कारखान्यात, भर शेडमध्ये, चोवीस माग धडधडत असताना मोठ्यानं उच्चारले. गुन्हा कबूल आहे. पुढचं सगळं त्यातूनच झालं, आणि खरं सांगायचं तर फार बरं झालं.

सोलापुरात, निदान अक्कलकोट रोडच्या आमच्या भागात, पॉवर म्हणजे वीज. दुसरी कुठली पॉवर आम्ही मानत नाही. पॉवर येते, पॉवर जाते, आणि या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे पॉवर लो होते. विजेचा दाब असा उतरला की माग कुंथत चालतात, टॉवेलवर आडवे पट्टे उमटतात, मोटरी तापतात आणि वेळेवर बंद केल्या नाहीत तर जळतात. म्हणून ‘पॉवर लो’ अशी नुसती हाक आली तरी शेडमधला प्रत्येक माणूस हातातलं टाकून स्विचकडे पळतो. आणि अशा ठिकाणी पन्नाशी ओलांडलेली मी बाई ताठ मानेनं म्हणाले, ‘‘शेठ, माझ्या लॅपटॉपात मुद्दाम बघून घेतलेला लो पॉवर प्रोसेसर आहे.’’

शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नासकं दूध निवडून विकत आणलं होतं.

‘‘तरीच,’’ ते म्हणाले. ‘‘तरीच म्हटलं हे एवढा वेळ का घेतंय. अक्का, अहो दुकानातूनच लो असलेला माल कशाला आणला?’’

मी टॉवेलच्या नक्ष्या काढते. एकोणीस वर्षं याच शेडच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. पूर्वी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. आता स्क्रीनवर काढायचं. पण काढून काम संपत नाही. कुठला धागा कधी वर उचलायचा हे मागाला कळेल अशी फाइल त्या चित्रातून तयार करावी लागते. या कामाला आम्ही ‘नक्षी उतरवणं’ म्हणतो. उतरवली की मागावर चढवायची, वीतभर विणून बघायची, टॉवेल हातात घेऊन गालाला लावायचा, नाक मुरडायचं, टेबलाशी परत यायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा उतरवायची. दिवसातून वीस वेळा. म्हणून मला मागापासून सहा पावलांवर बसावं लागतं, आणि म्हणून उतरवायला किती मिनिटं लागतात याला महत्त्व आहे.

आता त्या कोपऱ्यावर संकट आलं होतं. संकटाचं नाव घेत नाही, नातं सांगते. शेठजींचे जावई.

जावईबापूंचं नवी पेठेत लॅपटॉपचं दुकान. काचेचा दरवाजा, आत एसी, आणि माणूस तसा गोड. त्यांनी सासऱ्यांना पटवून दिलं होतं की अक्कांचा लॅपटॉप म्हणजे शाळेतली पाटी आहे. त्यांच्याकडचा मी घेतला तर उत्तम. नाहीतर नक्ष्यांचं काम तेच दुकानात बसून, एक माणूस ठेवून करतील आणि फाइल पाठवतील. म्हणजे माझं टेबल उचलायचं.

शेठजी हे मला सांगताना टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. घरी तेलुगू बोलणारा हा माणूस अडचणीत सापडला की फार शुद्ध मराठी बोलतो. ‘‘आपण विचार करून कळवावे,’’ म्हणाले. तेव्हाच मला कळलं की हे गंभीर आहे.

‘‘कळवते की,’’ मी म्हणाले. ‘‘आत्ताच कळवते. नाही.’’

माझा हट्ट उगाच नव्हता. याआधी मी दोन लॅपटॉप याच कोपऱ्यात मातीत घातले होते. टॉवेलच्या मागावर कापूस उडतो. इतका की संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या भुवया पिकलेल्या असतात. लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर गार ठेवायला एक छोटा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढतो, हवेबरोबर कापूस ओढतो, आणि हळूहळू गुदमरतो. तिसऱ्या वेळी मी हुशार झाले. पंखाच नसलेला लॅपटॉप शोधला. पंखा नको असेल तर प्रोसेसर कमी विजेवर चालणारा, कमी तापणारा हवा. माझा सहा वॅटचा. त्यालाच कंपन्या लो पॉवर म्हणतात. तो धावत नाही, चालतो. पण त्याच्या पोटात कापूस जायला वाटच नाही.

हे सगळं मी जावईबापूंना सांगितलं. ते हसले. ‘‘मॅडम, आमच्याला जाळी असते.’’

‘‘मच्छरदाणीलाही असते,’’ मी म्हणाले. ‘‘डास आत येतोच की.’’

शेठजींना जाळीत रस नव्हता. त्यांच्या डोक्यात वॅट बसले होते. ‘‘सहा वॅट. अहो अक्का, आमच्या देवघरातला दिवासुद्धा नऊ वॅटचा आहे.’’

मी हात जोडले. ‘‘मग देवालाच बसवा नक्ष्या काढायला.’’

पहिली परीक्षा जावईबापूंच्या दुकानात झाली. एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, शेठजी, मी आणि शेडमधले जुने जॉबर असे तिघं रिक्षातून नवी पेठेत उतरलो. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालणारा माणूस. आमचे जॉबर साठीचे, बोलायला कमी, पण बोलले की शेठजीही ऐकतात. पंच म्हणून मीच त्यांना नेलं होतं.

काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. माझा, कोपरे घासलेला, झाकणावर हळदीचा डाग. आणि त्यांचा, झगझगीत. दोन्हींवर तीच नक्षी दिली, माझीच, डाळिंबाच्या झाडाची. फुटलेल्या डाळिंबातला दाणा न् दाणा वेगळा काढलेला. उतरवायला फार जड. दोघांनी एकदमच बटण दाबलं.

त्यांचा चार मिनिटांत मोकळा झाला. माझा सात.

मध्ये तीन मिनिटं होती. तेवढ्यात जावईबापूंनी चहा मागवला, सासऱ्यांना खुर्ची दिली, आणि माझ्या स्क्रीनकडे अशा करुणेनं बघत राहिले की मलाच वाटलं, आपण कुणातरी आजाऱ्याला भेटायला आलोय.

‘‘बघितलं?’’ शेठजी म्हणाले. ‘‘लो ते लोच.’’

मी हरले होते, आणि हरणार हे मला माहीत होतं. घरी स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर माझा लॅपटॉप ठेवून मी दहादा मोजलं होतं. सातपेक्षा कमी त्याला जमत नाही, आणि उन्हाळ्यात तर आणखी सुस्तावतो. ते लपवण्यात मजा नव्हती. मजा दुसरीकडे होती.

‘‘जावईबापू,’’ मी चहाचा घोट घेऊन विचारलं, ‘‘तुमचा किती वॅटचा?’’

‘‘पंधरा.’’ फार अभिमानानं.

‘‘मोठ्या, टेबलावरच्या कॉम्प्युटरचा किती असतो?’’

‘‘तो पासष्टच्या पुढे. कधी शंभरच्या वर.’’

‘‘मग या पंधरावाल्यांना पुस्तकात काय म्हणतात? कुठल्या गटात मोडतात?’’

जावईबापूंनी कपातली साखर ढवळली. साखर केव्हाच विरघळली होती.

‘‘म्हणजे तसं... तांत्रिक भाषेत...’’

‘‘सांगा की. सासरे ऐकतायत.’’

‘‘लो पॉवर,’’ ते कपात बघत म्हणाले.

शेठजींनी कप खाली ठेवला. आधी जावयाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा जावयाकडे. मुलगी दिली त्या दिवशीही त्यांनी इतकं निरखून पाहिलं नसेल. ‘‘म्हणजे दोन्ही लो पॉवर?’’

‘‘दोन्ही,’’ मी म्हणाले. ‘‘सख्खी चुलत भावंडं. आणि शेठ, ही परीक्षा झाली एसीत, यांच्या घरी. स्वतःच्या घरी कोण वाईट वागतं? जावयाची खरी परीक्षा सासुरवाडीत होते. दोन्ही लॅपटॉप आठ दिवस शेडमध्ये ठेवू, रोजचं काम दोन्हींवर करू, आणि आठव्या दिवशी हीच नक्षी पुन्हा लावू. तेव्हा हरले तर टेबल मीच उचलून देईन. तुम्हाला हमाल बोलवायला नको.’’

हे बोलताना मी उभी होते, एक हात कमरेवर होता आणि रस्त्यावरून जाणारी दोन माणसं काचेबाहेर थांबली होती, हे मला नंतर जॉबरनी सांगितलं. माझ्या लक्षात एवढंच आहे की टेबलाचं बोलून झाल्यावर उरलेला चहा मी एका घोटात संपवला.

‘‘बाई बराबर बोलत्यात,’’ जॉबर म्हणाले. ‘‘मागबी कंपनीत झ्याक चालतोय. हितं आला की रडतोय.’’

मे महिना होता. सोलापूरचा मे. शेडच्या पत्र्याखाली अकरा वाजताच माणसं बोलायची बंद होतात. जावईबापूंचा लॅपटॉप माझ्या टेबलाला लागून दुसऱ्या टेबलावर आला. रोज संध्याकाळी ते त्याची तब्येत बघायला यायचे, आणि जावई दारात आले म्हणताना शेठजींच्या घरून आमरसाचा डबा यायचा. रोज. पाचव्या दिवशी मी विचारलं, ‘‘लॅपटॉपसाठी येता की रसासाठी?’’ तर म्हणाले, ‘‘मॅडम, खरं सांगू का, घरी एवढा मान नव्हता.’’ मला तो माणूस आवडायला लागला, आणि ते फार गैरसोयीचं होतं.

माझ्या मशीनचे हाल चाललेच होते. पंखा नाही म्हणजे घाम पुसायला कुणी नाही. पहिली दहा मिनिटं बरं चालायचं, मग आपण भाजू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच पाय ओढायला लागायचा. सातची नऊ मिनिटं, कधी दहा. शेजारचा तिसऱ्या दिवसापर्यंत चारच्या आसपास. रात्री घरी भाकरी थापताना मी टेबल उचलण्याचा सराव मनातल्या मनात करून बघितला. एक खण, त्यात जुने आलेख, कात्री, चष्म्याची रिकामी केस. दोन फेऱ्यांत उरकलं असतं. एकोणीस वर्षं आणि दोन फेऱ्या. हे मला मुळीच पटलं नाही.

सकाळी मी सूत गुंडाळायचे दोन रिकामे बॉबिन घेतले, आडवे ठेवले आणि त्यावर लॅपटॉप बसवला. खालून वारा खेळायला लागला.

शेठजी लगेच हजर. ‘‘हे चालतं का? ही चिटिंग नाही का?’’

जॉबरनी बॉबिन उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. ‘‘बॉबिन हितलंच हाय की.’’

‘‘मग जावईबापूंना पण द्या.’’

‘‘त्येंचा वारा त्येंच्या पोटात हाय. त्येंला कशाला?’’

आठव्या दिवशी अकराला सुरुवात. दोनपर्यंत नक्षी पुन्हा पुन्हा उतरवायची, ज्याच्या जास्त होतील तो जिंकला. नक्षी उतरली की हात वर करायचा आणि जॉबर खांबावर खडूची रेघ मारणार. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला जावईबापू, इस्त्रीच्या शर्टात. माग चालूच होते. धंदा कुणी थांबवत नाही. त्या धडधडीत आम्ही दोघं शाळकरी मुलांसारखे हात वर करत बसलो.

पहिल्या तासाला त्यांच्या दहा रेघा, माझ्या सहा. शेठजी येऊन बघून गेले आणि मला ताक पाठवलं. सांत्वनाचं ताक मी लगेच ओळखते. तरी प्याले.

दुसऱ्या तासात मला एक गंमत दिसली. जावईबापू हात वर करायला वेळ लावत होते. आधी वाटलं, दमले. मग कळलं, ते नाही, मशीन दमलंय. त्यांचा लॅपटॉप एका नक्षीला बारा-तेरा मिनिटं घ्यायला लागला. माझा साडेनऊ. त्याच मंद बैलाच्या चालीनं, साडेनऊ, साडेनऊ. जावईबापू स्क्रीनवर टिचक्या मारत होते. का ते त्यांना कळत नव्हतं, कारण मागांच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही.

दीड वाजला. त्यांच्या सतरा रेघा, माझ्या पंधरा. आणि शेडच्या त्या टोकाकडून हाक आली, ‘‘पॉवर लो.’’

सगळे पळाले. शेठजी स्वतः पळाले, धोतर सावरत. खटाखट स्विच पडले, आणि चोवीस माग एकामागून एक गप्प झाले. अशी शांतता आमच्या शेडला ठाऊकच नाही. आणि त्या शांततेत एक किंकाळी ऐकू आली. बारीक, लांब, न थांबणारी. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जॉबर वाकले, एका मागाला कान लावला, नाही म्हणून मान हलवली, दुसऱ्याला लावला. मग हळूहळू सगळे जावईबापूंच्या टेबलाभोवती गोळा झाले. तो पंखा होता. तासाभरापासून, कदाचित दोन दिवसांपासून, तो असा ओरडत असेल आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

शेठजींनी लॅपटॉपच्या पाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मोटरवाल्याचा हात, एका स्पर्शात निदान. ‘‘जळणार हे. बंद करा, जावईबापू, बंद करा.’’

बंद करायची गरज पडली नाही. त्यानं स्वतःच डोळे मिटले.

मग शेठजी माझ्याकडे वळले. ‘‘अक्का, तुमचं पण बंद पडलं. काही आवाज नाही.’’

‘‘त्याला आवाजच नाही,’’ मी म्हणाले आणि हात वर केला. जॉबरनी सोळावी रेघ मारली.

दोनपर्यंत वीज धड आलीच नाही. दोन्ही लॅपटॉप आपापल्या बॅटरीवर. जावईबापूंनी दोनदा चालू केला, दोनदा तो पाच मिनिटांत झोपला. छपरातल्या काचेतून येणाऱ्या उन्हात, बंद मागांच्या मध्ये, सगळी शेड माझ्या टेबलाभोवती घामाघूम उभी होती आणि काहीच न हलणाऱ्या स्क्रीनकडे बघत होती. एवढा निवांत थरार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. सतरावी रेघ पडली तेव्हा कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या बायांपैकी एक म्हणाली, ‘‘बराबर झालं की.’’ अठरावी रेघ पडली. सगळे शेठजींकडे बघत होते, आणि शेठजी जावयाकडे. भर सासुरवाडीत जावई हरलेला, आता काय बोलावं.

जॉबरनी प्रश्न सोडवला. स्क्रू काढले, लॅपटॉपचं पोट उघडलं आणि चिमट्यानं एक गादी बाहेर काढली. कापसाची, बोटाएवढी रुंद, दाबून घट्ट बसलेली. आणि थरांची. त्यांनी ती तळहातावर आडवी धरली आणि वाचायला लागले. ‘‘ह्यो पिवळा शनवारचा. ह्यो पांढरा, त्ये हाटेलची आर्डर व्हती. ह्यो राणी कलर सोमवार-मंगळवार. मंगळवारी लईच उडत हुता. आन् ह्यो निळा, बुधवार-गुरवारचा.’’

आठवड्यात आम्ही काय काय विणलं त्याचा सगळा इतिहास जावईबापूंच्या पंख्यात जमा होता.

जावईबापूंनी ती गादी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मोठ्यानं हसले. ‘‘जाळी होती हो,’’ म्हणाले. त्या क्षणी मी त्यांना माफ केलं.

खरं ते सांगायला हवं. हवेच्या पाइपनं पोट साफ केल्यावर तोच लॅपटॉप पुन्हा चार मिनिटांत नक्षी उतरवायला लागला. प्रोसेसर म्हणून तो माझ्यापेक्षा सरस आहे, होता, आणि एसीच्या दुकानात कायम राहील. मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की मी दुकानात काम करत नाही.

शेठजींनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. व्यापारी माणूस, दोन्हीकडचं राखणारा. ऑफिसात एसी आहे, तिथं काचेची केबिन करून देतो, जावईबापूंचा लॅपटॉप घ्या, गार बसा. ‘‘एवढी वर्षं कापूस खाल्ला, अक्का. आता आराम.’’

केबिन मी जाऊन पाहिली. खुर्ची फिरणारी होती. मी दोनदा फिरून बघितलं, खोटं कशाला सांगू. मग काचेतून शेडकडे पाहिलं. माग दिसत होते, टॉवेल दिसत नव्हता. त्यावरचे सुताचे फंदे आखूड पडलेत की लांब, हे इथून कळणार नव्हतं. कळायला गालाला लावावा लागतो.

‘‘शेठ,’’ मी म्हणाले, ‘‘या केबिनमध्ये जावईबापूंना बसवा. रस इथंच पाठवत जा.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी माझ्या सहा वॅटवर.’’

शेठजींनी दीर्घ श्वास घेतला आणि मान हलवली. त्यात नाराजी होती, पण हार जास्त होती. जाताना जॉबरना म्हणाले, ‘‘अक्कांच्या पाटीला दोन नवीन बॉबिन द्या. ते जुने वाकडे आहेत.’’

तर टेबल तिथंच आहे. खणात आलेख, कात्री, चष्म्याची केस आणि काड्यापेटीत एक चार रंगांची कापसाची गादी. लॅपटॉप दोन बॉबिनवर बसतो आणि नऊ मिनिटांत नक्षी उतरवतो. तेवढ्यात मी टॉवेल हातात घेऊन बघते, म्हणजे ती मिनिटं वायाही जात नाहीत.

एक बदल मात्र झाला. दाब उतरून शेडमध्ये ‘पॉवर लो’ अशी हाक आली की सगळे स्विचकडे पळतात, माग गप्प होतात, आणि त्या शांततेत कांडीवाल्या बाया माझ्या कोपऱ्याकडे बघून थांबतात. मी चष्मा वर करते, खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होते आणि माझंच नाव पुकारल्यासारखा हात वर करते.

‘‘हजर.’’